दोन आखूड, एक लांब

आमच्या शिवारात माझं नाव जितक्या वेळा घेतलं गेलं, तितक्या वेळा ते शाळेच्या हजेरीतही घेतलं गेलं नसेल. पण त्यातल्या बहुतेक हाका माझ्यासाठी नसायच्याच. अण्णा, म्हणजे माझे वडील, मायला कधी नावानं हाक मारत नसत. त्यांच्या पिढीत ती रीतच नव्हती. बायकोला हाक मारायची ती लेकराच्या नावानं. मी एकुलती एक. त्यामुळे विळा पाहिजे असो, पाणी पाहिजे असो, बैल सुटलेला असो, बांधावरून यायचं ते माझंच नाव. आणि मी आपली शहाण्यासारखी ओ दिली की अण्णा वैतागायचे.

"तुला न्हाई, तुझ्या मायला हाक मारून राह्यलो!"

हळूहळू मला फरक कळायला लागला. माझी हाक म्हणजे नाव एकदाच, एका दमात, जरा डाफरल्यासारखं. मायची हाक निराळी. दोनदा आखूड आणि तिसऱ्यांदा लांब ओढलेलं, शेवटी थोडं खाली आणून सोडलेलं. ते तिसरं पुरं व्हायच्या आत माय हातातलं काम खाली ठेवायची, पदर खोचायची आणि उत्तर द्यायची, "आलेऽऽ!" तिचा आवाज बारीक होता, पण पोचायचा बराबर.

तीनदाच का, असं मी एकदा तिला विचारलं होतं. माय तेव्हा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"एका हाकेला ओ देऊ न्हाई, माय," ती म्हणाली. लेकीला माय म्हणायची आमच्याकडे पद्धतच आहे. "चकवा एकदाच हाक मारतो. आपल्या माणसाचा आवाज काढतो अन् रानात भुलवून नेतो. पर तिसरी हाक त्याला येत न्हाई. तीन झाल्या की समजायचं, आपलं माणूस हाय."

मला विज्ञानात चांगले मार्क पडत, त्यामुळे मी फिदीफिदी हसले. पण सवय लागायची ती लागलीच. अण्णांनी मला एकदा हाक मारली की मी गप्प राहायची, पुढच्या हाकेची वाट बघत. मग अण्णा तिथूनच ओरडायचे, "एका हाकेत ऐकू येत न्हाई का गं?" माय म्हणायची एका हाकेला ओ देऊ नको, अण्णा म्हणायचे एका हाकेला ओ दे. दोघांच्या मध्ये मी शिव्या खात मोठी झाले.

आमचं शेत वाटूरच्या फाट्यावरून आत, एका खोलगट भागात आहे. शेतातलं पत्र्याचं घर आणि शेजारचा गोठा, एवढ्याला मिळून आम्ही आखाडा म्हणतो. आखाड्याच्या मागे मोसंबीची बाग. ती अण्णांनी स्वतः लावली, पहिल्या उन्हाळ्यात एकेका झाडाला घागरीनं पाणी घालून जगवली. पुढे मी जालन्याला पॉलिटेक्निक केलं, तिथल्याच एका कारखान्यात यंत्रांचे कंट्रोल पॅनल सांभाळायच्या कामाला लागले, लग्न झालं, संसार जालन्यातच झाला. तरी शेतात रोज माझं नाव चालूच होतं. महिन्या-दोन महिन्यांनी मी मंठ्याच्या गाडीनं वाटूरला उतरून शेतांमधल्या पांदीनं चालत निघाले की लांबूनच ते ऐकू यायचं. दोन आखूड, एक लांब. आपण घरी नसतानाही इथं कुणीतरी रोज आपलं नाव घेतं, याचं मला भारी बरं वाटायचं. तसं मी कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तसलं बोलत नाहीत.

मग अण्णांच्या घशात गाठ निघाली.

संभाजीनगरला ऑपरेशन झालं. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. आता श्वास नाकातोंडातून नाही, गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या छिद्रातून. त्यावर एक पांढरं सुती फडकं बांधायचं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की माणूस चांगला जगतो, हिंडतो, फिरतो, फक्त या छिद्रात पाणी जाऊ द्यायचं नाही. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यात एवढंच राहिलं: पाणी. आणि आमच्या अण्णांचा सारा जन्म पाण्यात. सकाळी उठून बागेला पाणी सोडायचं, ठिबकच्या नळ्या तपासायच्या, तुंबलेल्या फुंकून मोकळ्या करायच्या. आता फुंकणंही गेलं.

घरी आल्यावर ते ओठ हलवून बोलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. मायला सगळं कळायचं, मला निम्मं. पण ओठ वाचायचे तर माणूस समोर पाहिजे. माय आखाड्यावर आणि अण्णा बागेच्या त्या टोकाला असले की दोघांमध्ये काहीच उरत नव्हतं. त्या पहिल्या खेपेला मी पांदीनं चालत गेले तेव्हा पाखरांचा आवाज होता, कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा होता, माझं नाव तेवढं नव्हतं. मी मध्येच उभी राहिले. मला रडू आलं, आणि रडायला तिथं बरी जागा होती, म्हणून रडून घेतलं.

मायनं त्यांना एकट्यानं बागेत जायला साफ बंदी केली. आपण बरोबर असू तेव्हाच जायचं. पण तिला गुरं होती, चूल होती, भाजीपाला होता. अण्णा ओट्यावर बसून बागेकडे बघत राहायचे. जेवण कमी झालं. माझ्याकडे बघून एकदा त्यांचे ओठ हलले, ते मात्र मला पुरतं कळलं. "बाग वाळून राह्यली."

सगळ्यांना आधी सुचतं तेच मलाही सुचलं. मिस्ड कॉल. पण आमच्या त्या खोलगटात मोबाईलला रेंज येत नाही. फोन करायचा तर टेकाडावर चढून जावं लागतं. मग लोखंडाचा एक तुकडा बागेत शाळेच्या घंटेसारखा टांगला, पण वाजवायला त्या झाडापर्यंत जायला तर पाहिजे. मग एकदा मी मोठ्या हौसेनं शिट्टी नेली. अण्णांनी ती तोंडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि गळ्यावरच्या फडक्याकडे बोट दाखवलं. तोंडातून हवाच येत नव्हती. ते हसले. मला मात्र स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मी, आणि बापाला शिट्टी नेऊन देते.

परतताना गाडीत मी ठरवलं की हे काम माझंच आहे.

आमच्या कामात मायक्रोकंट्रोलर नेहमी हाताखाली असतो. बोटभर लांबीची पाटी, तिच्यावर एक छोटासा संगणक, आणि हल्ली त्यातच ब्लूटूथ बसवलेलं येतं. रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. फोननं सांगायचं, पाटीनं ऐकायचं, आणि तिनं एक भोंगा वाजवायचा. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते जोडलं, चांगला लांबवर ऐकणारा अँटेना लावला. बॅटरी घेतली ती जुन्या फवारणीच्या पंपाची. माझा जुना फोन अण्णांना दिला आणि त्यात फुकट मिळणारं एक तयार ॲप टाकलं. बटण दाबलं की भोंगा वाजणार, सोडलं की बंद.

आखाड्याच्या पत्र्यावर बांबू उभा करून मी ते सगळं बसवलेली पेटी बांधली. अण्णा फोन घेऊन बागेच्या पार टोकाला गेले. आणि भोंगा असा काही वाजला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून निघाली. तिला धरेपर्यंत आमची पुरेवाट झाली, पण अण्णा तिकडून येताना छाती काढून येत होते. मायनं पाहिलं, आणि तिनं मान डोलावली. जा म्हणाली बागेत. त्या दिवशी अण्णा दोन भाकरी जेवले.

इथपर्यंत मी स्वतःवर बेहद्द खूश होते. पण मी गावाला विसरले होते.

आमच्या बांधाला लागून अण्णांच्या चुलत भावाचं शेत आहे. मी त्यांना तात्या म्हणते. माणूस दिलदार, पण कुणाच्या घरी नवी वस्तू आली की तिला हात लावल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. अण्णांनीच अभिमानानं त्यांना फोन दाखवला आणि तात्यांनी ते ॲप आपल्या फोनात घेतलं. मी पेटीला कुलूपच घातलं नव्हतं. जो फोन जोडेल त्याचं ती ऐकायची. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तात्यांच्या फोनातून ते वस्तीवरच्या आणखी काहींच्या फोनात पोचलेलं. कुणी वाईट बुद्धीनं केलं नव्हतं, हेच तर अवघड होतं. विहिरीवरच्या मोटारीची लाईट, म्हणजे वीज, आली की तात्या आपल्या शेतातून आमचा भोंगा वाजवायचे, वहिनीला कळावं म्हणून. दुसऱ्या कुणाची शेळी आमच्या कपाशीत शिरली की तो वाजवायचा. एकीला चहाची पत्ती हवी होती, तिनं वाजवला. माय प्रत्येक वेळी हातातलं टाकून बागेत पळायची, आणि अण्णा आपले शांतपणे झाडाची आळी करत बसलेले.

मी तात्यांना गाठलं. माझं डोकं तापलं की मला लहानमोठं कळत नाही.

"तात्या, दुसऱ्याच्या पेटीला हात लावायला काही वाटत नाही का तुम्हाला?"

"अगं, उघडीच होती की ती," तात्या खरोखर चकित होऊन म्हणाले. "अन् मी वाईट काय केलं? लाईट आल्ती, म्हणलं वहिनीला सांगावं. रेंज हाय का इथं फोन करायला?"

त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे उघडं असतं ते सगळ्यांचं असतं. विहिरीवरचा दोर, बांधावरची बोर, आखाड्यातलं माठातलं पाणी. विचारून घेतलं तर उलट परक्यासारखं वागला असं होतं.

मग मी पेटीला कुलूप घातलं. म्हणजे सहा आकड्यांचा एक नंबर ठेवला. फोन पहिल्यांदा जोडताना तो नंबर टाकायचा, नाहीतर पेटी दाद देणार नाही. नंबर मायला तोंडपाठ करून दिला आणि बजावलं, कुणालाही सांगायचा नाही. ती हो म्हणाली. मी जालन्याला आले, चार माणसांत बढाई मारली, आणि निर्धास्त झाले.

तात्यांनी दुसऱ्याच दिवशी नंबर विचारला आणि मायनं तो सांगितला.

"भाऊजींनी तोंडानं विचारलं," ती नंतर मला म्हणाली. "रोज बांधावर तोंड बघायचं त्यांचं. न्हाई कसं म्हणू, बाई?"

हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याआधीच ते घडून गेलं होतं.

भरदुपारची वेळ. अण्णा बागेत एकटे. ठिबकच्या मुख्य नळीचा जोड निसटला आणि पाण्याचा फवारा सरळ गळ्यावर आला. फडकं भिजलं, पाणी आत गेलं. ते खोकत झाडाखाली बसले, खिशातून फोन काढला आणि बटण दाबलं. अंगात होतं तोवर दाबून धरलं. भोंगा वाजला. नीट, मोठ्यानं, लांबलचक वाजला. माझ्या पेटीनं तिचं काम चोख केलं होतं.

माय आखाड्यावर मिरच्या वाळत घालत होती. तिनं भोंगा ऐकला आणि मनाशी म्हणाली, लाईट आली वाटतं. हातातलं काम उरकू, मग बघू.

अण्णांना पाहिलं ते तात्यांनीच. बांधावरून जाताना झाडाखाली बसलेला माणूस दिसला. तात्या पाण्यातून पळत गेले, अण्णांना पुढे वाकवून धरलं आणि तोंडानं ओरडले, "वहिनी! जल्दी या! वहिनी!" तात्यांचा आवाज आमच्या अण्णांसारखा नाही, पण त्या दिवशी पोचला. गाडी करून अण्णांना दवाखान्यात नेलं. बरे झाले. काही दिवस ठेवून घेतलं, मग घरी सोडलं.

अण्णांना घेऊन आम्ही आखाड्यावर आलो तेव्हा माय मिरच्या पोत्यात भरायला लागली. मला एवढंच म्हणाली, "वाजला होता गं. मी ऐकला होता. मी मिरच्या पसरीत बसले."

तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर तिनं निर्णय सांगितला. बाग बटईनं द्यायची. तात्यांना. ते कसतील, निम्मं आपल्याला देतील. अण्णांनी फोन परत करायचा आणि ओट्यावर बसायचं. तात्या समोरच बसले होते, मान खाली घालून. त्यांनाही ती बाग अशी नको होती. अण्णा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"पुढच्या रविवारपर्यंत थांब," मी मायला म्हणाले. "मग काय द्यायचं ते दे."

"तू काय करशील?" ती म्हणाली. "वाजला की मला काय कळंल, त्यांनी वाजवला का आणखी कुणी?"

प्रश्न बिलकुल बरोबर होता. इतका बरोबर प्रश्न मला कारखान्यात कुणी विचारला नव्हता. भोंगा वाजतो की नाही, हे मी पाहिलं होतं. तो कुणी वाजवला, हे मायला कसं कळणार, ते पाहिलंच नव्हतं.

तो आठवडा मी टेबलावरून उठले नाही म्हटलं तरी चालेल. सांगता येण्यासारखा नंबरच ठेवायचा नाही, असं ठरवलं. पेटीला एक छोटा पडदा बसवला. फोन जोडायचा असेल तेव्हा पेटी उघडून आतलं बटण दाबायचं, मगच ती एक नवा नंबर पडद्यावर दाखवणार, आणि तो तेवढ्यापुरताच. पेटीसमोर उभं असलेल्यालाच तो दिसणार. एकदा जोडलं की फोन आणि पेटी आपापसात एक किल्ली ठरवून घेतात. ती किल्ली त्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नसते, मलाही नाही. पुढचं सगळं बोलणं त्या किल्लीनं कुलूपबंद होऊन हवेतून जातं. आणि दुसरा फोन दारात आला तर पेटी तोंड फिरवते. ॲपही मी स्वतः बनवलं, आत एकच मोठं बटण, त्यावर लिहिलं "हाक".

तात्यांसाठीही एक गोष्ट केली. रागानं केली म्हणा, किंवा राग गेल्यावर केली म्हणा. मोटारीची लाईट आली की पेटीवर आपोआप एक लाल दिवा लागेल, बांधावरून सगळ्यांना दिसेल, असं जोडलं. आता ती बातमी द्यायला भोंगा कुणाला लागणार नव्हता.

रविवारी मी पेटी बसवत होते तेव्हा तात्या बांबूखाली येऊन उभे राहिले. खिशातून फोन काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"माझ्यातून ते काढून टाक, बाई," ते म्हणाले. "मला नगं ते. अन् बाग तर मुळीच नगं. दादाची बाग मी कसली कसतो!"

मी ॲप काढून टाकलं. मागच्या वेळी त्यांना बोलले होते त्याचं मला वाईट वाटलं, पण तसं म्हणवेना. चहा घेता का, एवढं विचारलं. ते घेतो म्हणाले.

मग मायला समोर बसवून मी सगळं समजावलं. किल्ली, कुलूप, दुसऱ्याला बंद. तिनं मन लावून ऐकलं. मी अगदी रंगात आले होते.

"समज, कुणी अण्णांच्या फोनातून निघालेली हाक हवेतल्या हवेत पकडून ठेवली," मी म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी तीच सोडली, तर? तरी पेटी फसायची नाही. प्रत्येक हाक ताजी लागते. शिळी हाक तिला ओळखू येते."

मायनं तुरीचं सूप पुढं ओढलं. "म्हंजे चकवा," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "चकवाच."

"मंग त्याचा बंदोबस्त तू बराबर केला."

बागेच्या कडेला फोन घेऊन थांबलेल्या अण्णांना मी हात केला. अण्णांनी बटण दाबलं. भोंगा वाजला, एक लांब, स्पष्ट. मी मायकडे बघत राहिले. माय तूर निवडत राहिली.

"अगं वाजला की!"

"वाजला. ऐकला मी."

"मग ऊठ ना! आता तो अण्णांशिवाय कुणी वाजवूच शकत नाही. एवढं सांगितलं ना मी?"

"सांगितलं, अन् मला पटलं बी," माय म्हणाली. "पर तो एकदाच वाजून राह्यला. एका हाकेला ओ देत असतेत का?"

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर हातातच राहिला. इतके दिवस भोंगा वाजल्यावर ती उठत होती, पळत होती, पण कधी "ते हाक मारतेत" असं म्हणाली नव्हती. "मशीन वाजली," असंच म्हणायची. मला वाटायचं, जुनं माणूस, बोलते आपली. तिच्या लेखी ती हाक नव्हतीच. मी सबंध आठवडा खपून पेटीला अण्णा ओळखायला शिकवलं होतं. पेटीनं ओळखून काय उपयोग? ओळखायचं होतं मायला, आणि तिची ओळखायची रीत तिनं मला तुरीच्या शेंगा सोलता सोलता केव्हाच सांगितली होती.

मी लॅपटॉप उघडला आणि ओट्यावरच बसले. बटण किती वेळ दाबून धरलंय याच्याशी आता भोंग्याला देणंघेणं नाही. एकदा दाबलं की पुरे, मग दाबणाऱ्याच्या अंगात बळ असो वा नसो, पुढचं पेटी बघून घेईल. दोन आखूड. एक लांब. लांब किती ठेवायचा ते लिहिताना मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात ती हाक ऐकली. शेवटी आवाज खाली यायला पाहिजे होता. भोंग्याला तेवढं येत नाही. पण लांबी मी बरोबर धरली, याची मला खात्री आहे.

लॅपटॉप काखेत मारून बागेत अण्णांकडे गेले. ते त्यांच्या नेहमीच्या झाडाखाली बसले होते. मी त्यांना फोनवरचं बटण दाखवलं, आता एकदाच दाबायचं म्हणून सांगितलं. त्यांनी वाचलं, "हाक", आणि मान हलवली. नाही म्हणाले. मला वाटलं, आता हेही नको की काय यांना. त्यांचे ओठ हलले. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा हलवले, सावकाश. मग बोटानं माझ्याकडे दाखवलं, आणि मग बटणाकडे.

ते म्हणत होते, मी तुझ्या मायला ‘हाक, हाक’ म्हणून कधी हाक मारली?

तिथंच मांडीवर लॅपटॉप घेऊन मी बटणावरचा शब्द बदलला. आता तिथं माझं नाव आहे.

अण्णांनी ते बघितलं. अंगठा सदऱ्याला पुसला आणि बटणावर ठेवला.

दोन आखूड, एक लांब. आखाड्याच्या दिशेनं ते वाजलं आणि बागेवरून आमच्याकडे आलं. तिसरं पुरतं संपलंही नव्हतं तेवढ्यात तिकडून मायचा आवाज आला, आता जरा चिरका झालेला, पण तोच.

"आलेऽऽ!"

ती आली ती पदर खोचून, हातात विळा घेऊन, झपाझप. अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, गळ्यावरचं फडकं हातानं चाचपून कोरडं असल्याची खात्री केली. "काय म्हंता?" तिनं विचारलं. अण्णांनी खांदे उडवले. काही नाही.

"काही काम नसताना हाका मारायच्या न्हाईत," माय डाफरली. "गुरं सोडून आले मी." ती वळली, दोन पावलं गेली आणि आमच्याकडे न बघताच म्हणाली, "भाऊजींला सांगते मी. बटईचं राहू द्या म्हणावं."

ती झाडांमधून दिसेनाशी होईपर्यंत अण्णा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी डोळे पुसले. गळ्यावरच्या फडक्यानं नाही, बाहीनं. मी खाली पडलेल्या वायरींचे तुकडे वेचायला लागले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

त्यांनी माझ्या हाताला हात लावला म्हणून मी वर बघितलं. फोन त्यांनी खिशात ठेवून दिला होता. त्यांचे ओठ हलले. या वेळी मला कळायला काहीच अवघड गेलं नाही. ते माझं नाव होतं. एकदाच, एका दमात, जरा डाफरल्यासारखं. मायचं नाही, माझं.

आवाज नव्हता. दुसऱ्या, तिसऱ्या हाकेची वाट मी पाहिली नाही.

"ओ, अण्णा," मी म्हणाले.